आक्काच्या जन्माची वेळ

पंचांगाचं पान उलटायच्या आधी आप्पा उजव्या हाताचं बोट जिभेवर फिरवायचे. नुसतं टेकवायचे नाहीत, चांगलं ओलं करायचे, आणि मग त्या बोटानं पानाचा कोपरा ओढायचे. वर्षाच्या शेवटी त्या पंचांगाचे खालचे कोपरे काळे, चिकट आणि फुगलेले असत, आणि त्यांना तपकिरीचा आणि थुंकीचा मिळून एक वास यायचा. तो वास माझ्या नाकातून आजही गेलेला नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की ओल्या धोतरातच ते ओट्यावर बसत, पान उलटत, आणि दाराशेजारी टांगलेल्या पाटीवर खडूनं लिहीत: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. खाली एक रेघ मारून राहुकाळ. मग पाटीकडं लांबून बघत, खडूची बोटं झटकत आणि म्हणत, "झालं. आता दिवस सुरू करा." तोवर आई चहाचं आधण ठेवून तीनदा उतरवून बसलेली असायची.

आप्पा गावातल्या शाळेत मास्तर होते. भिक्षुकी आमच्या घराण्यात नव्हती, कुणाकडून त्यांनी सुपारीसुद्धा घेतली नाही. पंचांग वाचायला ते स्वतःच शिकले होते, आणि जळकोटात त्या काळी त्यांच्याइतकं चांगलं ते कुणाला कळत नव्हतं, हे मलाही मान्य करावं लागतं. विहिरीला कुदळ कधी मारायची, बैल कधी आणायचा, पोरगी सासरी कुठल्या वारी धाडायची, हे विचारायला माणसं यायची, चप्पल अंगणात काढून हात जोडून उभी राहायची. "गुरुजी, जरा बघा की." आप्पा लगेच बघत नसत. आधी चष्मा पुसत, मग बोट ओलं करत. समोरचा माणूस ताटकळला की त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरायचं, ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यांचा चेहरा आठवला तर तेवढंच आठवतं.

घरातल्या आम्हा तिघींचा, म्हणजे आईचा, आक्काचा आणि माझा, सगळा दिवस त्या पाटीवर चालायचा. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ, म्हणून पाणी सहाच्या आत भरायचं. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो आणि शाळाही साडेदहाचीच, म्हणून आप्पा सव्वादहालाच घर सोडत आणि शाळेच्या लिंबाखाली जाऊन बसत. मंगळवारी तीन ते साडेचार नवीन काही करायचं नाही; नवीन म्हणजे लोणच्याची नवी बरणीसुद्धा उघडायची नाही. भद्रा लागली असेल तर पापड लाटायला घ्यायचे नाहीत. अमुक तिथीला डोक्यावरून पाणी नाही, तमुक वारी नखं नाहीत. एका सोमवारी आईची दाढ सुजून गाल डोळ्यापर्यंत आला होता. उमरग्याच्या दवाखान्यात जायला आठची एसटी होती. आप्पांनी तिला पिशवी हातात धरून उंबऱ्याच्या आत बसवून ठेवलं. "नऊ वाजू दे. राहूत पाऊल टाकलंस तर दुखणं वाढतं." नवानंतरची गाडी थेट दुपारी एकची. तोवर दाढ फुटली होती, आणि आई चुलीच्या राखेत थुंकत होती, पिवळं आणि लाल. आप्पा तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, आपोआप मोकळी झाली का नाही? गेली असतीस तर उपटली असती."

खोटं कशाला सांगू, लहानपणी मला ते सगळं आवडायचंही. दोघींत माझंच अक्षर चांगलं, म्हणून आप्पा मला जवळ घेऊन शिकवायचे. आपला दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, सूर्य उगवला की बदलतो. एका दिवसाच्या साठ घटिका, एका घटिकेची साठ पळं, घटिका म्हणजे चोवीस मिनिटं, दोन घटिकांचा एक मुहूर्त. तिथी चंद्राच्या चालीवर चालते, तिला घड्याळाशी काही देणंघेणं नसतं; ती आपण जेवत असताना मधेच संपते आणि दुसरी लागते. एखादी तर सूर्य न बघताच संपून जाते, तिला क्षयतिथी म्हणतात. हे ऐकताना मला आभाळात एक मोठं, न दिसणारं रहाटगाडगं फिरतंय असं वाटायचं. मी गावातल्या पोरांच्या पत्रिका लिहायला लागले. तांबडी शाई, काळी शाई, कोपऱ्यात वेलबुट्टी. "पळाची चूक झाली तर जन्माची चूक होते, शकू," आप्पा म्हणायचे, आणि मी श्वास रोखून आकडे काढायची.

त्या आवडीला पहिला तडा गेला तो मी तेरा-चौदा वर्षांची असताना. पंचांगाच्या समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके असत. मला वाटायचं ग्रहांचं काहीतरी असेल. एकदा दोन महिने चाळून बघितले आणि समजलं की ते आईचे आणि आक्काचे दिवस आहेत, त्या बाहेर बसायच्या ते. आईचा ठिपका साधा, आक्काच्या ठिपक्याभोवती गोल. कुठला सण कुणाच्या अडचणीत येतो हे आप्पा आधीच काढून ठेवत होते. पुढं माझाही ठिपका तिथं आला, त्याला खाली शेपटी. पहिल्या वेळेस तर त्यांनी आईला वेळ विचारून घेतली, नक्षत्र काढलं आणि त्याचं फळ ग्रंथातून मोठ्यानं वाचलं. मी अंगणात पोत्यावर वेगळी बसले होते आणि ओट्यावर शेजारचे दोघं चहा पीत होते. "मध्यम आहे. वाईट नाही," आप्पा म्हणाले. त्या दोघांनी मान हलवली. अंगावर गोगलगाय फिरून जावी तसं मला झालं. आईनं दिलेली भाकरी मी कुत्र्याला टाकली.

हल्ली धाराशिवला मी मुलाकडं असते. माझ्या सुनेच्या फोनमध्ये राहुकाळ सुरू झाला की घंटा वाजते. ती हुशार आहे, बँकेत आहे, आणि घंटा वाजली की दीड तास कुठलाही कागद सही करून पुढं ढकलत नाही. मागल्या महिन्यात नणंदेच्या नातीचं सिझर होतं, तर घरच्यांनी डॉक्टरीणबाईंपुढं चिठ्ठी ठेवली: अकरा बेचाळीस. मी उठून बाहेर गेले आणि नळावर तोंड धुतलं. म्हातारीला काय झालं ते कुणाला कळलं नाही. त्यांना आक्काची गोष्ट माहीत नाही.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाव कुसुम. तिचा जन्म आईच्या माहेरी, भूमकडच्या एका वाडीत, सकाळी सव्वादहाला झाला. आणि मूळ नक्षत्र त्या दिवशी साडेदहाला संपत होतं. पंधरा मिनिटं. मुळावरची पोर बापाला जड आणि सासऱ्याला तर त्याहून जड, असं शास्त्र म्हणे. आप्पांनी सत्तावीस दिवस तिचं तोंड पाहिलं नाही. नक्षत्राची शांत केली, आणि मग काशाच्या वाटीत तेल ओतून, त्यात पडलेलं तिचं तोंड आधी पाहिलं. आई हे सांगायची तेव्हा हसायची. "तेलात बघितलं, म्हून पोर काळी दिसली त्यान्ला," म्हणायची. आक्का मात्र कधी हसली नाही.

ती वीस वर्षांची झाली तरी लग्न जमेना. दोन ठिकाणी पसंती झाली, आणि पत्रिका गेली की निरोप यायचा, मूळ आहे, जमायचं नाही. तिसरं स्थळ उमरग्याचं आलं. मुलगा मधुकर, बियाण्या-खतांच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली, माणसं बरी. एका रविवारी दुपारी आप्पांनी मला ओट्यावर बोलावलं आणि कोरा कागद पुढं केला.

"आक्काची पत्रिका नव्यानं लिही. स्वच्छ. जन्मवेळ दहा चाळीस."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आप्पा, सव्वादहा ना?"

"दहा चाळीस. पूर्वाषाढा. खेड्यातलं घड्याळ ते, पुढं असतं, मागं असतं."

"पण तुम्ही म्हणता एका पळानं..."

"शकू," त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, "बहिणीचं भलं व्हावं वाटतं का नाही तुला?"

आई अंगणात कुरडया घालत होती. तिचा हात सोऱ्यावरच थांबला. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही, आणि काही वेळानं पुन्हा फिरवायला लागली. आप्पांनी बोट ओलं केलं, पान उलटलं आणि सांगायला लागले. मी लिहिलं. वेलबुट्टीसुद्धा काढली. दाढ फुटलेल्या बाईला ज्यांनी राहूची दीड तासाची भीती घातली, त्यांनी पंचवीस मिनिटं अशी बोटानं पुसून टाकली, आणि पुसताना त्यांचा आवाजही बदलला नाही. मला घाण वाटली ती तेव्हा आणि तिथंच. पण लिहिताना माझा हात कापला नाही, हेही खरं आहे.

लग्न झालं. आक्काच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. धिप्पाड, बोलका माणूस. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचे आणि सुनेला 'कुसुमव्वा' म्हणायचे. आक्का पहिल्यांदा माहेरी आली ती येळवशीला, आणि तात्या हट्टानं तिच्याबरोबर आले. "सुनेच्या माहेरची आंबील प्यायची हाय मला," म्हणत. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवतं. आदल्या दिवसापासून घरात तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे सोलायचे. त्यांची चिंच-बेसन घालून दाट भज्जी शिजवायची. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण-जिरं लावलेली आंबील. हे सगळं डोक्यावर घेऊन, अनवाणी रानात. कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, आत चुना लावलेले दगड मांडून पूजा करायची, आणि मग कुणीही वाटेनं जाणारा असो, त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं.

त्या वर्षी अमावस्या उशिरा लागत होती. साडेअकराच्या आत पूजा नाही, असं आप्पांनी सांगितलं. आजूबाजूच्या रानांत लोक जेवून झोपाळ्यांवर बसले तरी आम्ही झाकलेल्या भांड्यांपुढं बसून होतो. तात्या बांधावर बसले होते. घाम येण्यासारखं ऊन नव्हतं, पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते तळहातानं छाती चोळत होते.

"काय होतंय मामंजी?" आक्कानं विचारलं.

"काय न्हाय गं. चालून आलो की जरा दाबल्यावानी होतंय. दोन महिने झाले. आपल्या डॉक्टरनं सांगितलंय, सोलापूरला मोठ्याला दाखवा म्हून."

"मग उद्याच जाऊ की."

तात्या हसले आणि आप्पांकडं वळले. "तुमची पोरगी रोज माझ्या मागं लागलीय, गुरुजी. आता तुम्हीच एक चांगला दिवस काढून द्या. इतक्या मोठ्या कामाला असंच कसं जायचं?"

आप्पांनी पंचांग रानातसुद्धा आणलं होतं. आंबिलीच्या मडक्याशेजारी बसून त्यांनी बोट जिभेवर फिरवलं. उद्या दुपारपर्यंत अमावस्याच, नको. परवा प्रतिपदा. त्यापुढं चंद्र बरा नाही. एकेक दिवस ते बाजूला सारत गेले, बाजारात सडकी वांगी बाजूला सारावीत तसे. शेवटी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी निघा. दीड ते तीन राहू आहे, तीननंतर. गुणकारी दिवस आहे."

"लई उशीर व्हतोय आप्पा," आक्का म्हणाली. "आज बुधवार."

"दुखणं आठ दिवसांत पळून जात नाही, कुसुम. वाईट वेळेला गेलं तर डॉक्टरच्या हातालासुद्धा यश येत नाही."

तात्यांनी हात जोडले. मग जेवले, दोनदा भज्जी मागून घेतली, जाताना मला म्हणाले, "शकूताई, पत्रिका काय झकास लिहिलीय तुम्ही! मी देव्हाऱ्यात ठेवलीय." मला त्यांच्याकडं बघवलं नाही.

ते मंगळवारी गेले. सकाळी दुकानाच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत नव्हते.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी आमच्या दारात तिघं उभी राहिली. आक्का, तिचा नवरा मधुकर, म्हणजे आमचे दाजी, आणि दाजींचे चुलते. आक्काच्या हातात तिची लोखंडी पेटी होती. पेटी बघितल्याबरोबर आईनं काय ते ओळखलं. झालं होतं असं, की तेराव्याला आईच्या माहेरची सोनाबाई आली होती, आक्काच्या जन्माच्या वेळी बाळंतिणीपाशी असलेली. म्हातारीच्या मनात पाप नव्हतं. तिनं रडता रडता आक्काला कुरवाळलं आणि बोलून गेली, "मुळावरची गं माझी पोर, शांत केलती तरी हे असं झालं." एवढं पुरलं. सासूनं देव्हाऱ्यातून पत्रिका काढली. चुलत्यांनी कुठून तरी आक्काच्या जन्माच्या वर्षाचं पंचांग पैदा केलं.

चुलते ओट्यावर बसले, पाण्याला हात लावला नाही. त्यांनी पत्रिका आप्पांसमोर उलगडली. माझी वेलबुट्टी.

"गुरुजी, तुम्ही जाणकार. ह्यात दहा चाळीस लिहिलंय. सोनाबाई सव्वादहा म्हणते. खरं काय ते सांगा."

आप्पांनी पत्रिका हातात घेतली. खूप वेळ बघितली, जणू पहिल्यांदाच बघताहेत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला वाटलं आता ते सांगतील. काहीतरी सांगतील, नक्षत्राचं, चरणाचं, एखादा श्लोक, म्हणतील की दोष माझा आहे. त्यांनी घसा खाकरला.

"मी तेव्हा शाळेत होतो. जन्म हिच्या माहेरी झाला. हिनं जी वेळ सांगितली ती मी धरली. आता बाईमाणूस, बाळंतपणाच्या घाईत घड्याळ काय बघणार! तिच्याकडून चूक झाली असेल."

आई खाली मान घालून बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर उलथे पडले होते. चुलते तिच्याकडं वळले. "वहिनी, चूक झाली का लबाडी केली? आमच्या घरचा कर्ता माणूस गेला." आईनं पदर तोंडाला लावला. "व्हय जी," ती म्हणाली, "माझंच चुकलं आसंल."

मला आजही सांगता येत नाही की त्या क्षणी नेमकं काय झालं. आप्पा शांत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज नव्हती. बायकोनं वेळेवर पाणी आणून द्यावं तसा, काम झाल्याचा एक निवांतपणा होता. त्या निवांतपणाची मला इतकी शिसारी आली की मी बोलून बसले.

"आईनं नाही सांगितलं. पत्रिका मी लिहिलीय. आप्पांनी वेळ बदलायला लावली."

रस्त्यानं एक ट्रक गेला आणि पत्र्यांवरची धूळ खाली आली. मग चुलत्यांनी अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "मग खरी वेळ कुठली, बाळ?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले ते. आईला सोडवायला गेले आणि आक्काला ढकललं. सव्वादहा म्हटलं की मूळ नक्षत्र पक्कं, आणि तात्यांचं मरण कायमचं तिच्या माथी. मी आक्काकडं पाहिलं. ती पेटी घेऊन अजून अंगणातच उभी होती, तिला कुणी वर यायला सांगितलं नव्हतं.

"सांग की शकू," ती म्हणाली. "सव्वादहा."

"सव्वादहा," मी म्हणाले.

"आता मी सांगते," आक्का म्हणाली. तिनं पेटी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "मामंजींची छाती दोन महिने दुखत होती. हे ह्यांना ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं, काका, तुम्हालाबी ठाऊक होतं. मी रोज म्हणत होते सोलापूरला न्या. तुम्ही सगळे म्हणालात, गुरुजींना दिवस विचारू. आप्पांनी गुरुवार दिला, तीननंतर. मामंजी मंगळवारी गेले."

चुलते आप्पांकडं बघायला लागले. दाजी जमिनीकडं. आप्पांनी पत्रिका घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आयुष्याची दोरी कुणाच्या हातात असते का?" बस, एवढंच. आणि मला जे आजतागायत पचलेलं नाही ते पुढं आहे. चुलत्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं. माझ्या बहिणीच्या जन्माची पंधरा मिनिटं माणसाला मारू शकत होती, पण आप्पांचे आठ दिवस नाही. ते उठले, "पोरगी इथंच राहू द्या सध्या," म्हणाले, आणि जाताना, देवाशप्पथ, आप्पांच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती खडूच्या आवाजानं. आप्पा ओल्या धोतरात पाटीवर तिथी लिहीत होते. थोड्या वेळानं शेजारच्या गल्लीतला एकजण बोअर मारायला दिवस विचारायला आला, आणि आप्पांनी चष्मा पुसला, बोट ओलं केलं. मी मागल्या दारानं उकिरड्यापर्यंत गेले आणि आदल्या दिवशीचं सगळं ओकून टाकलं. आई मागून आली, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि एकच म्हणाली, "बापाला आसं चारचौघांत बोलू न्हाय गं." तिच्या चेहऱ्यावर रात्रभर रडल्याच्या खुणा होत्या. तिचा तो हात मी झटकला. आप्पांवरच्या रागातला थोडा राग तिच्यावरही निघत राहिला, पुढची कित्येक वर्षं, आणि त्याची मला आता लाज वाटते.

मी पुन्हा पत्रिका लिहिली नाही. आप्पांनी एकदा कागद पुढं केला, मी शाईची दौत त्यांच्यासमोर मोरीत ओतली. त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेऊ लागले. गावानंही काही मनाला लावून घेतलं नाही. झालेली गोष्ट सगळ्यांना कळली होती, आणि तरी चपला अंगणात निघत राहिल्या. उलट लोक म्हणत, "गुरुजींनी पोरीसाठी केलं, कुठला बाप करणार नाही?" म्हातारपणी गावानं त्यांचा सत्कार केला, शाल दिली, भाषणं झाली. मी पुढच्या रांगेत बसून हातातला पेढा कागदात गुंडाळला आणि बाहेर आल्यावर गटारीत टाकला.

आक्का सासरी परत गेली नाही. दोन-तीन महिन्यांनी दाजी एकटेच आले होते, घरी न येता एसटी थांब्यावर थांबले आणि निरोप धाडला. आक्का गेली, मी बरोबर होते. "चल की," ते म्हणाले. आक्कानं विचारलं, "घरी सांगून आलात का?" ते गप्प राहिले. माणूस वाईट नव्हता, नुसता गप्प होता. आक्का म्हणाली, "मग तुमची गाडी लागलीय, जावा." पुढच्या वर्षी ती नर्सिंगला सोलापूरला गेली. आप्पांना तिनं विचारलं नाही आणि त्यांनी अडवलंही नाही. मुळावरची पोर घरातून गेली म्हणून त्यांना हायसंच वाटलं असावं, असं मला वाटतं, आणि हे वाटणं मी आवरत नाही. तिनं भूम तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नोकरी काढली. किती बाळंतपणं केली असतील त्याला हिशेब नाही. एखाद्या घरातली म्हातारी, "बाई, अजून अर्ध्या तासानं नक्षत्र बदलतंय, जरा थांबवता येईल का," असं म्हणाली की आक्का तिला खोलीबाहेर काढायची आणि कडी लावून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी होती तेव्हा मी तिच्याजवळ महिनाभर राहिले. मी तिला मऊ भात कालवून भरवत होते. इतक्या वर्षांत आम्ही त्या दुपारबद्दल कधी बोललो नव्हतो. मी विचारलं, "आक्का, मी तेव्हा बोलले, त्यानं तुझा संसार मोडला. मी गप्प बसायला हवं होतं का?"

तिनं घास गिळला, पाणी मागितलं, प्याली.

"बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "त्या घरात मी काय टिकले नसते. पण शकू, लिहिलंस कशाला?"

मी सोळा वर्षांची होते, बाप सांगत होता, असं सगळं सांगता आलं असतं. ते तिलाही माहीत होतं. मी पुढचा घास कालवला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं थोडा वेळ माझ्या हाताकडं बघितलं, आणि मग तोंड उघडलं.